बाग, ओसरी आणि तीन वर्षं

५ फेब्रुवारी

दफनभूमीतून कोस्मासचा फोन. "बाई, मार्चमध्ये तुमच्या साहेबांना तीन वर्षं होतात. काढायला हवं. जागेसाठी लोक थांबलेत."

जसा काही मेनेलाओस भाडेकरूच! अथेन्समध्ये मेलेल्या माणसालाही तीन वर्षांपलीकडे जागा नाही. मग हाडं वर काढायची, लाल वाइनने धुवायची, पेटीत ठेवायची. आईची काढली तेव्हा आम्ही तिघी बहिणी उभ्या होतो. आता मी एकटीच उरले. तिथं एकटीनं कसं उभं राहायचं?

दनाईला टोरोंटोला फोन केला. "आई, बाबांचं तेवढं उरकलं की इकडेच ये कायमची. तिथं आता तुझं आहे कोण?"

मी हो म्हटलं.

६ फेब्रुवारी

हो म्हणून बसले!

११ फेब्रुवारी

दिवसभरात कोणाशी बोलले नाही. संध्याकाळी बेकरीतल्या बाईला "थंडी आहे" म्हटलं, तर स्वतःचाच आवाज परका वाटला.

सिस्टर क्लोतिल्दची आठवण आली. पिरेअसच्या शाळेत ती रोज प्रार्थनेनंतर आम्हा मुलींना डोळे मिटायला लावायची — आज काय चुकलं, काय बरं झालं, काय राहून गेलं? माझी ही वही त्याच सवयीची. लग्नानंतर हे मोठ्या भक्तिभावानं सांगितलं, तर मेनेलाओस आणि त्याचा मित्र क्लेआंथिस हसून हसून बेजार! क्लेआंथिस म्हणाला, "वहिनी, ही तर आमच्या ओसरीवाल्यांची रीत. रोमचे आमचे लोक रोज झोपताना हेच करत. तुमच्या नन्सनी उचलली आणि वर तीर्थ शिंपडलं!"

ओसरीवाले म्हणजे त्याचे स्टोइक. जुन्या अथेन्सच्या बाजारातल्या ओसरीत उभं राहून शिकवणारे. जे आपल्या हातात नाही त्यासाठी जीव जाळू नये, म्हणजे माणूस सुखी. मेनेलाओस पक्का बागवाला. त्याच जुन्या काळी गावाबाहेर बाग करून राहणाऱ्या दुसऱ्या पंथाचा. अंगात दुखणं नको, मनात भीती नको. पाव, चीज आणि चार मित्र — झालं सुख. आयुष्यभर शाळेतल्या पोरांना त्यानं हेच शिकवलं. आणि सिस्टरचं म्हणणं, सुख इथं नाहीच, वर आहे, मेल्यावर.

तिघांचंही ऐकत म्हातारी झाले. कोणाचं खरं, कोण जाणे.

२० फेब्रुवारी

विसावी तारीख. बागवाल्यांची जुनी चाल — महिन्याच्या विसाव्याला मित्रांनी एकत्र जेवायचं, गेलेल्यांना आनंदानं आठवायचं. मेनेलाओसनं ती आमच्या घरी चालवली. एके काळी खुर्च्या शेजारून आणाव्या लागत! कोण वारलं, कोण मुलांकडे गेलं. आज एकटा क्लेआंथिस आला. काठी, टाय, आणि नेहमीचा तो इस्त्री केलेला चेहरा. जेवताना विचारलं, "काढायच्या दिवशी याल ना?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे! तुमचा मित्र —"

"तिथं मेनेलाओस नाही, वहिनी. हाडं आहेत. तोच म्हणायचा ना? मी असेन तोवर मरण नाही, मरण आलं की मी नाही. सगळे कण सुटे होतात आणि खेळ खलास."

"तो त्याचं म्हणायचा. मी माझं विचारतेय."

तो ऑलिव्हच्या बिया बशीत ओळीनं मांडत बसला. मग म्हणाला, "टोरोंटोत असे ऑलिव्ह मिळतात का हो?"

"डब्यातले मिळतात म्हणे."

"डब्यातले," एवढंच म्हणाला, आणि टोपी घेऊन निघाला. दारात म्हटलं, "दगड आहात तुम्ही क्लेआंथिस!"

"प्रयत्न तरी तोच आहे," म्हणाला.

२१ फेब्रुवारी

कोणीही आलं नाही. बियांची बशी तशीच ठेवली आहे.

३ मार्च

दनाईचा फोन. तिचं मन थाऱ्यावर नसतं म्हणून ती आठवड्याला एका बाईकडे जाते. ती बाई तिला कागदाच्या एका बाजूला हातातल्या गोष्टी लिहायला लावते, दुसऱ्या बाजूला हाताबाहेरच्या. "इतकं हलकं वाटतं आई! अगदी नवीन पद्धत आहे!"

नवीन! क्लेआंथिसनं ऐकलं तर टाय सैल करील. तिला म्हटलं, "छान आहे गं." आणखी काय म्हणू? लहानपणी बापाच्या जेवणाला दर विसाव्याला ती टेबलाखाली मांजराशी खेळत असायची.

तिकीट काढलंय म्हणे. एप्रिलचं. तिथं माझ्यासाठी खोली रंगवते आहे — पिवळी. मला पिवळा आवडतो हे तिनं लक्षात ठेवलं आहे. वाईट कसं म्हणू?

निम्म्या कपाटाची बांधाबांध झाली. मेनेलाओसचा कोट तेवढा हलवत नाही.

८ मार्च

हाडांची पेटी आणली. किती लहान आहे!

१४ मार्च

गेले. एक पांढरी चादर, वाइनची बाटली. कोस्मास कुदळ घेऊन तयारच होता. सरूच्या झाडाखाली कोणी तरी पाठमोरं उभं होतं — काळा सूट, काठी. क्लेआंथिस!

"मी हाडांसाठी आलेलो नाही," म्हणाला. "तुम्ही एकट्या पडाल म्हणून आलो."

त्याचा हात धरला.

कोस्मास खणत गेला. मग कुदळ ठेवून हातानं माती सारायला लागला. मग थांबला. "बाई, मागं व्हा. पाहू नका."

"काय झालं?"

"साहेब अजून विरघळले नाहीत." टोपी काढून कपाळ पुसलं. "घाबरू नका, हल्ली होतं असं. पूर्वी लोक शाप म्हणायचे. शेवटी शेवटी औषधं फार होती का? त्यानं देह टिकून राहतो."

क्लेआंथिसचं औषधांचं दुकान होतं. शेवटचं वर्षभर तोच रोज जिना चढून इंजेक्शन द्यायला येई.

"मी दिली," तो म्हणाला. "मीच दिली सगळी. तेव्हा त्याला टिकवू शकलो नाही आणि आता —" त्याला हसू फुटलं. "जन्मभर कण सुटे होतात, कण सुटे होतात म्हणून डोकं खाल्लं गाढवानं! एवढंसुद्धा धड —" आणि मग त्याला उभं राहवेना. काठी पडली. त्या मातीच्या ढिगाऱ्यावर बसून तो ओक्साबोक्शी रडला, लहान मुलासारखा नाक पुसत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं! मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. डोळे पुसायला तीच चादर दिली.

कोस्मास म्हणाला, "परत पुरायला हवं. त्या कोपऱ्यात माती मोकळी आहे. आणखी दोन वर्षं तरी. तेव्हाही घरचं माणूस लागेल."

वाइन तशीच परत आणली. क्लेआंथिस पायरीपर्यंत पोचवायला आला.

१५ मार्च

दनाईला फोन केला. तिकीट परत कर म्हटलं, बाबांची अजून तयारी झालेली नाही. ती रडायला लागली — "अगं आई, किती भयंकर! दोन वर्षं तू तिथं एकटीच!" हो गं बाळ, म्हटलं, पण माझ्या हातात काय आहे?

फोन ठेवला. सपाटून भूक लागली.