सवतीचा टाक

निरवांगी,
४ सप्टेंबर १९९४

चि. मनिषास आजीचा आशीर्वाद, वि. वि. हितं समदी खुशाल.

तू धाडलेला वंशावळीचा तक्ता पावला. पणज्याची मेंढरं कुठनं कुठं हिंडली, ते बरं हुडकलंस. पण आप्पांच्या, म्हंजी तुझ्या आज्याच्या बायकांत फुलाबाई वर आन् मी खाली? ती दोन वर्सं बी नांदली न्हाय, तिला लेकरू न्हाय. तुझा बाप मी जन्माला घातला! ती मेली, मी तिच्या जागी आले, तवापासनं सवतीचा टाक म्हणून तिची चांदीची मूर्त माझ्या गळ्यात हाय. सणाचं लुगडं आधी तिला दावायचं, मग मी नेसायचं. पुरणपोळीचा पहिला घास तिचा. आता कागदावर बी मीच मागं सरायचं व्हय?

आप्पांना तक्ता कानाशी वराडून वाचून दावला. तिच्या नावाची ओळ पुन्हा वाचायला लावली. माझ्या नावाला नुसतं हूं.

ते नाव खोड. लोभ माझ्या एकटीवर असू दे, वाटेकरी नको.

तुझी आजी
छबूबाई

बारामती,
१३ सप्टेंबर १९९४

ती. सौ. आजीस मनिषाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. नाव खोडते, पण एक ऐक. रविवारी कळसला फुलाबाईच्या माहेरी गेले होते. तिचे धाकटे भाऊ रावजीआबा भेटले. तिचा फोटो नाही, ती कशी दिसायची तेही कुणाला आठवत नाही. आबा म्हणाले, तुझ्या आजीला जड होत असेल तर टाक आम्हाला द्या, देव्हाऱ्यात ठेवू. तुझाही जाच सुटेल. टाक न्यायला त्यांना तुझ्याकडे पाठवू का?

आप्पांना नमस्कार. राग गिळ, पण नातीवर माया ठेव.

तुझी
मनिषा

निरवांगी,
२० सप्टेंबर १९९४

चि. मनिषास आशीर्वाद, वि. वि.

रावजीला सांग, उगं चपला झिजवू नको. ती तापानं फणफणली तवा माहेरचं कुत्रं फिरकलं न्हाय. आता मूर्त पायजे!

आप्पा म्हणाले, देऊन टाक, तुला बी सुख लागंल. मी टाक मुठीत धरला आन् म्हटलं, हिला गळ्यात मी वागवली, तुमी न्हाय. दिवसभर मी भांडायचं कुणाशी? तुमाला तर ऐकू येत न्हाय.

तक्त्यात तिचं नाव राहू दे. वर लिही, खाली लिही. पण गाव कळस लिहू नको. निरवांगी लिही.

माया पातळ करू नको.

तुझी आजी
छबूबाई