रोडग्याच्या पिठाइतकं घट्ट

साईनगर, अमरावती
९ जुलै २०२३

ती. आईंना,
नीलमचा शि. सा. न.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुमच्या कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की तुम्हाला वाटतं मी रागावले. म्हणून लिहिते आहे.

अक्कू पहिलीत गेली. जोडाक्षरं सोडून सगळं वाचते, दुकानांच्या पाट्यासुद्धा. मी दवाखान्यात ड्युटीवर असले की माझी आई तिला बघते.

एक विचारायचं होतं. अमोल गेल्यापासून तिनं विकतचा पिझ्झा तोंडात घेतलेला नाही. पप्पा घरी करायचे तसा कर म्हणते. रविवार आला की रडणं सुरू. तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा माझी नोकरी इथं होती, अक्कू नि अमोल तिथं तुमच्याजवळ. मी शनिवारच्या बसनं अकोल्याला यायचे आणि रविवारी अमोल मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचे नाहीत. आठवडाभर उभी होतीस, आता बस, म्हणायचे. त्यांच्या हाताशी तुम्ही असायच्यात. ते पीठ कसं भिजवायचे, तेवढं कळवाल का? तिला त्यांची चव विसरू द्यायची नाही, एवढंच मनात आहे.

तब्येतीची काळजी घ्या. आमच्यावर माया आहे तशीच असू द्या.

तुमची
नीलम


डाबकी रोड, अकोला
१७ जुलै २०२३

चि. गं. भा. नीलमला,
जमुनाबाईचे अ. आ.

पत्र मिळालं. यंत्र आलं, पण कानात शिट्टी वाजते, म्हणून डब्यात टाकलं. ऐकण्यासारखं या घरात आता उरलं काय?

लग्नाला इतकी वर्षं होऊन आपला नवरा काय नि कसं करत होता ते तुला माहीत नाही, याचं मला नवल नाही. तू समोरच्या खोलीत पाय लांब करून बसायचीस. असो. लिहून घे.

मैदा नि कणीक निम्मी निम्मी. बेकरीत यीस्टचे दाणे मिळतात, ते उकळत्या पाण्यात टाकायचे. कोमट नको, चांगलं खळखळतं घे. त्या पाण्यात मीठ, तेल घालून पीठ भिजवायचं, रोडग्याच्या पिठाइतकं घट्ट. तुझ्या माहेरी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात की हॉटेलातून आणतात कोण जाणे, म्हणून सांगते, पिठात बोट दाबलं तर बोट दुखलं पाहिजे. भिजवलं की ठेवायचं नाही, लगेच लाटायचं. वर सॉस, चीज, कांदा घालून जाड बुडाच्या कढईत मिठावर ताटली ठेवून भाजायचं. उतरवल्यावर हिरवा सांबार चिरून, तुझ्या भाषेत कोथिंबीर.

लेकरू पिठासाठी रडत नाही, घरासाठी रडते. तिचं घर इथं आहे. अकोल्यातही शाळा आहेत. माझ्याकडे पाठवलीस तर तुझ्या आईचाही त्रास वाचेल.

मला आठवायचं तर आठव. अक्कूच्या गालावरून माझा हात फिरव.

जमुना


डाबकी रोड, अकोला
१८ जुलै २०२३

ती. बाईस,
जमुनाचा सा. न.

तू परतवाड्याला मुलाकडे राहायला गेलीस तेव्हापासून मन मोकळं करायला कोणी नाही. थोरली बहीण तूच एक, म्हणून हे लिहिते. वाचून फाडून टाक.

सुनेनं अमोलच्या पिझ्झ्याचं पीठ कसं असायचं ते विचारलं. मी सांगितलं, पण उलटं सांगितलं. तो पाणी कोमट घ्यायचा. चिमूटभर साखर टाकून दाणे सोडायचा, थोड्या वेळानं वर फेस यायचा. पीठ इतकं सैल भिजवायचा की मी म्हणायचे, अरे, हे पीठ आहे की भिंतीला लिंपायचा गारा. हसायचा. मग त्याच्या बाबांच्या ओल्या दुपट्ट्यानं झाकून गव्हाच्या कोठीवर ठेवायचा आणि ते दुप्पट फुगायचं. आई, हे दाणे जिवंत असतात, उकळत्या पाण्यानं मरतात, असं दर वेळी सांगायचा. मी पाणी उकळतं लिहिलं.

दर रविवारी पोरीचे दात दुखतील. मग म्हणेल, मला आजीकडे ने, आजीला येते. नीलम तरुण आहे, नोकरी आहे, आई आहे, उद्या दुसरं घर करील. माझा नवरा गेला, मुलगा गेला. मला ही पोरगी हवी. बाकी काही नको.

तुझे गुडघे कसे आहेत? माया ठेव, रागावलीस तरी.

तुझी
जमुना


परतवाडा
२ ऑगस्ट २०२३

चि. जमुनाले,
भागीरथाचे आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. फाडलं नाई, चुलीत टाकतो म्हणून ठेवलं हाये. वाचून मले हसू बी आलं अन् राग बी आला. सुनेले जेरीस आणाले लोक काय काय करते, अन् तू पीठ बिघडवून राहिली. नत्थुजी भाऊजी, तुये मालक, पुड्याचा कागद उलगडून तुले वाचाले शिकवत होते, तवा मले वाटलं होतं का आता हे शहाणी होईन. त्या अक्षरायचा हा उपयोग केला तुनं.

एक सांगून ठेवतो. लेकराच्या तोंडाले कायची सवय लागन याचा भरोसा नसते. मायी नातसून डॉक्टरनं सांगतलं म्हणून पोट्ट्याले बिनामिठाचं वरण चारत होती. आता मीठ टाकलं का थुकून देते.

अन् त्या पोरीले गं. भा. लिहिनं सोड. तुले लोकायनं लिहिलं तवा गोड लागलं होतं काय व?

गुडघे हायेत तसेच. जीव लाव, पन दात लावू नको.

भागीरथा


साईनगर, अमरावती
२० ऑगस्ट २०२३

ती. आईंना,
नीलमचा शि. सा. न.

तुम्ही लिहिलं तसंच केलं. मोबाईलवर सगळे कोमट पाणी सांगतात, पण अमोलच्या हाताशी तुम्ही उभ्या होतात, मोबाईल नव्हता. अक्कूनं पहिला घास बराच वेळ चघळला. मग विचारलं, हा पप्पांचाच ना. मी म्हटलं, आजीनं लिहून पाठवलं आहे, तिनं पप्पांना करताना पाहिलं आहे. मग तिनं पूर्ण खाल्ला. आता दर रविवारी करते. रडणं थांबलं, ही तुमची कृपा.

एक विनंती. तुमचं पत्र अक्कूनंच खालून पेटीतून आणलं. पाकिटावरची अक्षरं लावून वाचली आणि मला विचारलं, मम्मी, गंभा कोण. मी म्हटलं, आजी मला लाडानं म्हणते. तर तिनं शाळेत सांगितलं की माझ्या मम्मीचं घरचं नाव गंभा. तिच्या बाईंनी मला बोलावून हळूच विचारलं. पुढच्या वेळी नुसतं नीलम लिहिलंत तर बरं होईल.

उन्हातान्हात बाजाराला जाऊ नका. आमची आठवण असू द्या.

तुमची
नीलम


डाबकी रोड, अकोला
२२ जानेवारी २०२४

चि. गं. भा. नीलमला,
जमुनाबाईचे अ. आ.

मी हे नाव अंगावर घेऊन बाजार केला, लग्नं पाहिली, कोपऱ्यात बसून जेवले. तुला पाकिटावर सोसवत नाही. जे आहे ते लिहायला लाज कसली?

दिवाळीत पोरीला पाठवली नाहीस, संक्रांत गेली. ती यायचं म्हणत असेलच, तू तोंड दाबत असशील. पिझ्झा कसा होतो? घट्ट होतो का? झाला तर होऊ दे, अमोलचा तसाच असायचा. पण हात तो हातच असतो. माझ्या हातचा खायची इच्छा होते म्हणते का, ते लपवू नकोस.

तिळगूळ पाठवला आहे. त्यात खडा नाही, निवडून केला आहे. तुझ्या वाट्याला गोडच बोलणं येवो, माझं सोडून.

जमुना


साईनगर, अमरावती
१३ एप्रिल २०२५

ती. आईंना,
नीलमचा शि. सा. न.

तुमच्या सगळ्या पत्रांत एकच मागणं असतं, म्हणून मी ठरवून टाकलं. परीक्षा आटोपली की अक्कूला तुमच्याकडे सोडते. मे महिनाभर राहू द्या. शेवटी तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं की मला आजीकडेच राहायचं आहे, तर जूनमध्ये तिचं नाव अकोल्याच्या शाळेत घाला. मी आडवी येणार नाही, हे लिहून देते. नको म्हणाली, तर मात्र हा विषय पुन्हा काढायचा नाही.

तिला उन्हात जाऊ देऊ नका, नाकातून रक्त येतं. रविवारी पिझ्झा लागतोच, तेवढं बघा. तुम्हाला येतोच.

तुमचा आशीर्वाद दोघींना असू द्या.

नीलम


डाबकी रोड, अकोला
६ मे २०२५

ती. बाईस,
जमुनाचा सा. न.

अक्कू आली. उंच झाली. हसली की खालचा ओठ एका बाजूला जातो, त्याच्यासारखा. आल्या आल्या माझ्या गळ्यात पडली, कूलरसमोर झोपली, शेजारच्या करिश्माशी दोस्ती केली. मला वाटलं, काम झालं.

रविवारी सकाळी मी दाणे कोमट पाण्यात सोडले. फेस आला. पीठ सैल भिजवलं, इतकं की हाताचं सुटेना. दुपट्टा अमोलनंतर मी धुतलाही नव्हता, तो काढून ओला केला. या उन्हात पीठ फुगायला वेळ लागत नाही. दुपट्टा मधोमध वर उचलला गेला. कढईवरचं झाकण काढलं नि घरात तोच वास. पोरीला म्हटलं, डोळे मीट, आ कर.

तिनं चावला आणि काढून ताटात ठेवला. म्हणाली, आजी, हा कच्चा हाये. मी म्हटलं, बाळा, पप्पा असाच करायचा, मऊ. म्हणाली, नाई, पप्पाचा कडक राहायचा, दातानं ओढा लागायचा, मले चांगलं आठवते, तू म्हातारी झाली म्हणून विसरली. मी म्हटलं, तुझ्या पप्पाला मी जन्म दिला. म्हणाली, पन पिझ्झा त माझ्यासाठी करायचा न. मी पुन्हा घास पुढे केला तर रडायला लागली. मम्मीले बोलव म्हणे, तिले बरोबर पप्पासारखा येते.

मग मी नवं पीठ घेतलं. उकळतं पाणी ओतलं आणि बोट दुखेल इतकं घट्ट मळलं. ती ओट्याला टेकून मला शिकवत होती, अजून घट्ट, आजी, अजून. भाजून निघाला तो चपलेचा तळवा. आनंदानं खाल्ला तिनं. खाता खाता म्हणाली, हां, आता पप्पा.

उरलेला मऊ मी दुपारी एकटीनं खाल्ला. सगळा.

तू मिठाचं लिहिलं होतंस. ते पत्र काढून वाचलं. आता काही लिहू नकोस, नुसती ये जमलं तर.

तुझी
जमुना


साईनगर, अमरावती
२९ जून २०२५

ती. आईंना,
नीलमचा शि. सा. न.

अक्कू सुखरूप आहे. शाळा सुरू झाली, इथलीच. मी तिला काहीच विचारलं नव्हतं. परत येताना बसमध्ये तिनंच सांगितलं की आजी चांगली आहे, पण आजीला पप्पा नीट आठवत नाहीत, म्हणून तिथं राहायचं नाही.

तिच्या बॅगेत तुमची चिठ्ठी मिळाली. तुम्ही लिहिता, अमोल कधी कधी पाणी कोमट घ्यायचा, पीठ सैल ठेवून फुगू द्यायचा, तसंही करून बघ, पोरीला हळूहळू सवय लाव.

आई, तो पिझ्झा मीही खायचे. पाय लांब करून बसायचे, पण जीभ मला होती. पहिल्या रविवारी पहिल्याच घासाला कळलं तुम्ही काय पाठवलं आहे. उकळत्या पाण्यानं काय मरतं, हे दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. पुढच्या रविवारी अक्कू खेळायला गेली असताना मी कोमट पाण्यात, सैल भिजवलं. फुगलं. तोच वास आला. मी बराच वेळ त्या भांड्यापाशी उभी होते. मग ते पीठ फेकून दिलं आणि तुमच्या पद्धतीनं दुसरं भिजवलं.

तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ती चव तिला विसरू द्यायची नाही, हे मी मनापासून लिहिलं होतं. तुमचं उत्तर वाचून कळलं की तुम्ही त्या चवीला बांधून तिला माझ्याकडून ओढून नेणार. ती चव मला पुसता आली नसती, माझा हात धजला नसता. तुम्ही ते काम स्वतःच्या अक्षरात करून पाठवलंत. मी फक्त दर रविवारी घट्ट मळत गेले. मीही नवरा घालवला आहे, आई. त्याचा वास मी एकदाच घेतला आणि सोडला.

दिवाळीत तिला पाठवीन. तुम्ही तिला आवडता. मात्र मऊ पीठ तिला पुन्हा दाखवू नका. घट्ट पिठातला बाप तेवढाच तिच्याजवळ उरला आहे.

ठरल्याप्रमाणे शाळेचा विषय संपला. बाकी आपल्यात आहे ते असू द्या.

नीलम


डाबकी रोड, अकोला
१२ ऑक्टोबर २०२५

चि. नीलमला,
जमुनाबाईचे अ. आ.

पत्र मिळालं, उत्तराला उशीर झाला. मध्ये परतवाड्याहून बाई येऊन राहून गेली.

कानाचं यंत्र मी पुन्हा घालायला लागले. शिट्टी वाजते ती वाजते, पण अक्कू बोलेल ते ऐकू यायला हवं. तिच्यासाठी फ्रॉक शिवायला टाकला आहे, माप करिश्माच्या अंगावरून दिलं, थोडं वाढवून. फटाके आणणार नाही, तिच्या नाकाचं लक्षात आहे.

मैदा आणला. बेकरीवाला यीस्टचा पुडा देताना म्हणाला, बाई, थांबा, आतून ताजे दाणे काढून देतो. मी म्हटलं, कोणतेही दे, उकळत्या पाण्यात जायचे आहेत.

पीठ घट्टच भिजवीन. पप्पा असेच करायचे, हे आता मीच तिला सांगीन.

माझ्यावर लोभ ठेवू नकोस. पोरीला मात्र पाठव.

जमुना