रांगेतला तेरावा

१५ जानेवारी
पोचलो एकदाचा! बस वाटेत दोनदा रुतली. दोन्ही वेळा आम्ही प्रवाशांनी ढकलली, आणि ड्रायव्हर मात्र आत ऊब घेत हुकूम सोडत होता. कुरोमोरी डोंगराच्या बचाव पथकात मला घेतलंय. बारावा गडी मी. बाकीचे अकरा इथलेच. मी एकटा हाचिनोहे बंदरावरचा, मासळीच्या गाळ्यावर वाढलेला. त्यामुळे पहिल्याच जेवणाला माझं बारसं झालं: मासेवाला. रांगेत माझ्या पुढं चालणारा मिकामी म्हणाला, अंगाचा वास गेला की नाव बदलू. मी म्हटलं, तोवर तुझ्या नाकाला सवय होईल. झकास माणसं आहेत.

आईला कबूल केलंय, सरावाची फेरी संपली की थेट घरी. बाबांना समुद्रानं नेल्यापासून तिला माझ्याशिवाय कोणी नाही. कॉड माशाचा रस्सा करून वाट बघते म्हणाली.

१६ जानेवारी
दिवसभर कांजिकी बांधून चाललो. लाकूड वाकवून केलेली कडी ती, बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली आवळायची. बदकासारखं फाकून चालावं लागतं. किती वेळा तोंडावर आपटलो, विचारू नका. आमचे म्होरके नारिता-सान हसत नाहीत, रागावतही नाहीत. ऊठ म्हणाले, बसलेला माणूस बर्फाला फार आवडतो.

१७ जानेवारी
उद्या चढाई. संध्याकाळी नारिता-साननी माझ्या हातात एक लाकडी बाहुला ठेवला. हातभर लांब, काजळानं काढलेलं तोंड, लाल फडक्यात गुंडाळलेला. त्याचं नाव सान्सुके. डोंगरदेवीचा आकडा बारा, म्हणे. बारा माणसं वर गेली की ती आपली समजून ठेवून घेते. म्हणून हा तेरावा. सगळ्यात नव्या गड्यानं तो वाहायचा, आणि रांग मोजताना स्वतःच्या आकड्यामागून त्याचाही आकडा ओरडायचा. तेरा ऐकल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नाही. उतरताना त्याला वरच ठेवायचं, शिखराकडं तोंड करून, आणि मागं वळून बघायचं नाही.

मी विचारलं, याला जेवायलाही वाढायचं का? कोणी हसलं नाही. मिकामीसुद्धा.

१८ जानेवारी
वरच्या झोपडीत पोचलो. खांदे सोलून निघालेत. चूल माझ्याकडं होती. नारिता-सान बजावून गेले, आम्ही दारातलं बर्फ उपसून येईतो पाणी उकळलेलं पाहिजे. सरपण ओलंचिंब, काड्या संपत आलेल्या, आणि सॅकमध्ये हा लाकूडभाऊ कोरडा ठणठणीत. घातला चुलीत! काय भडकन पेटला म्हणून सांगू. फडक्यात एक ओलं लाकूड गुंडाळून ठेवलंय. नाहीतरी वरच टाकून यायचंय, कोण उघडून बघतंय? चहा सगळ्यांनी वाखाणला.

१९ जानेवारी
धुकं आणि उडतं बर्फ. पुढच्या मिकामीची सॅकसुद्धा दिसेना. नारिता-साननी रांग थांबवून मोजणी घेतली. एक, दोन, तीन... मी बारा म्हटलं. पुढचा आकडा म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आलं: तेरा.

माझ्या मागं कोणी नाही. दोराचं शेवटचं टोक माझ्याच कमरेला आहे.

मिकामी म्हणाला, घसा बसलाय काय रे, मासेवाल्या? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो?

२० जानेवारी
वादळ. बर्फात गुहा खोदून बसलोय. सगळ्यांची पाठ फिरल्यावर फडकं उघडलं. आत लाकूड नाही. काहीच नाही.

चहाचे बारा पेले भरले. माझ्यापर्यंत आलाच नाही. मिकामीला खेटून कोणीतरी बसलंय, आईनं विणलेली माझी निळी टोपी घालून. टोपी माझ्या डोक्यावर आहे. दोनदा चाचपली. आहे.

२१ जानेवारी
मोजणी. अकरा, मिकामी. मग — बारा. माझा आवाज. आमच्या बंदराच्या हेलासकट. मी तोंडही उघडलं नव्हतं.

सगळे थांबलेले. मी ओरडलो, अरे बारावा मी! मीच! कोणी मान वळवेना. वारा कापत होता. असेच उभे राहिलो असतो तर सगळेच गोठलो असतो — शेवटी म्हटलं मी. तेरा.

रांग लगेच चालू लागली.

२२
नारिता-सानना बाहुल्याचं सांगितलं. पाया पडलो. त्यांना ऐकू आलं — ऐकू आलं! डोळ्यांत पाणी होतं. बघत मात्र बुटांकडंच होते. हळूच म्हणाले, पोरा, मला बारा जण खाली न्यायचेत. देवीनं मोजून घेतलंय रे.

बोटं वाकत नाहीत. थंडीनं म्हणावं तर — कातडीवर रेषा उमटल्यात, उभ्या, फळीवर असतात तशा. दगडावर आपटून पाहिलं. टक् वाजलं.

पेन्सिल मुठीत बांधून घेतलीय.

सकाळ
मला ठेवलं. शिखराकडं तोंड. मिकामीनं पायाशी सफरचंद ठेवलं आणि गेला. मागं बघितलं नाही.

तो दुसरा त्याला सांगत होता — घरी कॉडचा रस्सा — आई वाट बघतेय —

माझी आई. ती दार उघडेल. टोपी बघेल, आत घेईल —

खालून मोजणी येतेय. नऊ. दहा. अकरा. बारा — किती खुशीत म्हणाला —

थांबलेत. तेरा ऐकल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. नाहीच म्हणणार मी. थांबा तिथंच. दात आवळून धरलेत, जीव गेला तरी —

तोंड उघडतंय. मी नाही, आपोआप — आई, दार नको —

ते