केरूच्या जागी

८ नोव्हेंबर १९३६, रविवार

केरू पहाटे गेला. दुपारी भाट्याच्या किनाऱ्यावर अग्नी दिला. लाकडे, माणसे, सगळे मीच पाहिले. रडू आले नाही. माझ्याहून दहा वर्षांनी लहान भाऊ — आणि चार पावले चालला की पडवीच्या खांबाला धरून उभा राही.

९ नोव्हेंबर

लोक येतात. "क्षय होता ना?" विचारतात. क्षय नव्हता! बॉयलरला गुंडाळतात तो दगडी कापूस — अ‍ॅस्बेस्टॉस — मुंबईच्या कारखान्यात तो पिंजायच्या खात्यात केरू होता. आजारी होऊन घरी आला तेव्हा सदऱ्याच्या शिवणीतून पांढरी पूड निघाली.

१२ नोव्हेंबर

रावजी खलाशी भेटायला आला. विलायतेच्या गोदीत जाऊन आलेला माणूस. म्हणाला, "तिकडं या कापसाचा कायदा झालाय, विठूदादा. धूळ ओढायला पंखे लावायचे. माल ओला करून हाताळायचा. पोरांना पिंजायला ठेवायचं नाय. साहेब तिकडं गुमान पाळतो."

केरूच्या कारखान्याचा मालक तिकडचाच. तिकडेही त्याचा असाच कारखाना आहे! म्हणजे त्याला सगळे ठाऊक आहे. पंखा कुठे लावायचा तेसुद्धा. जेवलो नाही.

१७ नोव्हेंबर

दहावा. भागोजी मुकादम मुंबईहून आला — आमच्याच वाडीचा, केरूला त्या खात्यात लावणारा.

पिंड ठेवला. कावळे माडावर बसून. एकही खाली येईना. "कायतरी अडकलंय त्याचं," आई म्हणाली. मी हात जोडून म्हटले, सगुणेला — तुझ्या बायकोला — अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. ऊन चढले. मग भागोजी पुढे झाला. मोठ्याने म्हणाला, "केरबा, लवूला तुझ्या जागी लावतो. काळजी सोड!"

आणि कावळा आला. चोच मारली.

आई जमिनीला डोके टेकून रडली. "बघा, हीच इच्छा होती त्याची," सगळे म्हणू लागले. लवू आमचे शेंडेफळ, सोळा वर्षांचा. तोही हसत होता!

१८ नोव्हेंबर

आईला सांगितले, कावळा भुकेला होता. तिने कानांवर हात ठेवले.

२० नोव्हेंबर

तेरावा. भागोजीने वडे-खीर पुन्हा पुन्हा वाढून घेतली. मी विचारले, कारखान्यात पंखे का नाहीत?

"अरे, तो विलायतेचा कायदा. आपल्या माणसांना लागत नाय."

"धूळ लागते ना?"

बोटे चाटत हसला. "तू बंदरावर कागद खरडणारा, तुला काय कळणार! तोंडाला फडकं बांधलं की झालं. केरू बांधत नव्हता. हट्टी!"

मेलेल्यावर ढकलले! सगुणा वाढत होती. तिची पळी थांबली. "बांधत व्हते. पेटीत हायत ती फडकी. ताटाशेजारी आणून ठेवू?"

भागोजीने ताक मागितले.

२२ नोव्हेंबर

वकिलांकडे गेलो. आपल्याकडच्या फॅक्टरी अ‍ॅक्टातही धुळीचे कलम आहे म्हणे. "पण धूळ घातक आहे हे आधी इन्स्पेक्टरला वाटलं पाहिजे!" म्हणाले, आणि स्वतःच हसले. असे हसणे ऐकले की अंगावर काहीतरी सांडल्यासारखे होते.

२५ नोव्हेंबर

आई अन्नाला शिवत नाही. लवूची ट्रंक भरून दारात. मी म्हटले, मी त्याला जाऊ देणार नाही.

"शब्द त्याच्यासमोर दिलाय. मोडला तर माझा केरू भटकत राहील. मग कोण पुरा करणार? तू?"

लवू म्हणाला, "भाऊ, तुला काय होतंय? इथं बसून मी काय करू?"



२६ नोव्हेंबर

मी ज्याच्याकडे कारकून आहे त्या आगबोटीच्या एजंटाशी बोललो.

३ डिसेंबर, मुंबई

एजंटाकडे माझ्या जागी लवूला लावून आलो. केरूच्या जागी मीच जातो म्हटल्यावर आई जेवली. भागोजीला माणूस हवा होता, कोणता का असेना.

आज पिंजायच्या खात्यात माझा पहिला दिवस. पंखा नाही. संध्याकाळी चाळीच्या नळावर सदरा धुतला. पाणी पांढरे आले. पुन्हा धुतला.