बाबांच्या वाट्याचे प्रश्न

४ मार्च

चि. पंडितास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मनासारखं बोलता येत नाही. बाबा शेजारीच बसलेले असतात आणि कोणाचा फोन, म्हणून सारखे विचारतात. म्हणून पत्र. शिवाय ज्या माणसानं जन्मभर टपालखात्यात देशोदेशीची पत्रं वेगळी केली, त्याच्या घरी तुझं उत्तरही पत्रानंच आलेलं बरं. बाबा अजूनही आधी तिकीट बघतात, मग पत्ता.

खबर मात्र चांगली नाही. गेल्या आठवड्यात बाबा फिरायला गेले आणि परतताना शेजारच्या इमारतीत शिरून दुसऱ्याच्याच दाराला आपली किल्ली लावत बसले. तिथल्या बाईंनी हाताला धरून आणून सोडलं. परवा मला म्हणाले, बाई, तुमची मुलं घरी वाट बघत असतील, आता तुम्ही निघा. मी हसून वेळ मारून नेली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे वाढतच जाणार. तुला ओळखतायत तोवर येऊन जा रे. तुमच्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेचे प्रश्न तुझ्यावाचून काही अडायचे नाहीत.

लोभ आहेच, पण तो डोळ्यांनी दिसू दे.
तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मग तूच फोनवर सांगितलेलं आठवलं. रविवारी आमच्या कार्यक्रमात ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारली, स्पर्धक सिडनी म्हणून मोकळा झाला आणि बाबांनी खुर्चीतूनच कॅनबेरा म्हणून त्याला झापलं. ज्याला कॅनबेरा आठवतं, तो माणूस घर कसा विसरेल? लक्ष नसेल, दुसरं काय. तू आधीपासूनच घाबरट.

इथे मान वर करायला फुरसत नाही. बिनखिडकीच्या खोलीत आम्ही चौघं पुस्तकांच्या ढिगात बसलेलो असतो. एकेका उत्तराला दोन पुस्तकांचा आधार दाखवावा लागतो, 'बहुतेक बरोबर आहे' म्हटलं की साहेब कागद परत फेकतात. चित्रीकरण संपेपर्यंत रजेचं नाव काढता येत नाही.

पण एक करतो. सुरुवातीचे सोपे प्रश्न माझ्याकडे आहेत. त्यांत दर रविवारी एकदोन बाबांच्या वाट्याचे घालतो, राजधान्यांचे, चलनांचे. त्यांची किती उत्तरं बरोबर येतात ते कळवत जा. म्हणजे तब्येतीचा अंदाज मला इथे बसून येईल.

रागावू नकोस. तुझा लोभ आटला तर मी कुठे जाऊ?
तुझा पंडित

६ एप्रिल

चि. पंडितास आशीर्वाद.

घे तुझा निकाल. बाबांनी सगळी उत्तरं बरोबर दिली. मंगोलिया म्हणताच उलानबातर, आणि वर त्या गावाचं टपाल कुठल्या खणात पडायचं तेही सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर नावांची पाटी येते, तिच्यात तुझं नाव दिसेपर्यंत ते हलत नाहीत. मग अभिमानानं मला सांगतात, हा आमचा मुलगा बरं का.

आता पुढचं ऐक. मी भिंतीवरचा तुझा मागच्या वर्षीचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. बराच वेळ बघून म्हणाले, हे मिशीवाले गृहस्थ कोण? तुझं नाव त्यांना ठाऊक आहे, तुझा चेहरा गेला. राजधान्यांचं काय घेऊन बसलास, त्या जिथल्या तिथेच आहेत. तू त्यांचा परीक्षक झालायस, जरा मुलगा हो.

त्यात कालपासून टीव्ही बंद पडलाय. काळ्या पडद्यासमोर बसून असतात. दुरुस्तीवाला येतो म्हणालाय, आज ना उद्या.

मी थकले आहे. यापलीकडे लोभ काय लिहू?
ताई

१३ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल एका दिवसाची रजा काढून आलो खरा, पण तू औषधाच्या दुकानातून परत आलीस तेव्हा घाईघाईनं निघालो. गाडी चुकेल म्हणालो, ते खोटं होतं. तुझ्यासमोर बोलणं जमलं नसतं.

तू औषधं आणायला गेलीस आणि बाबा मला म्हणाले, बरं झालं आलात, सकाळपासून वाट बघतोय. मला वाटलं, ओळखलं. मग त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. तेव्हा कळलं, मी त्यांच्या लेखी दुरुस्तीवाला होतो. काय करणार? ड्रॉवरमधला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टीव्हीची पाठ उघडून बसलो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले. लहानपणी जेवायला बसलं की पहिल्या घासाआधी प्रश्न विचारायचे, आठवतं? आणि उत्तर अडलं की टेबलावर बोटानं टकटक करून धीर द्यायचे. तसाच त्यांनी मला प्रश्न टाकला. टीव्हीवरचे प्रश्न काढतो तो माझा मुलगा, तो घरी कधी येणार?

मी म्हणालो, बाबा, मीच तो. ते समजूतदारपणे हसले. म्हणाले, उत्तर चुकलं, पण घाई नाही, विचार करा. आणि खुर्चीच्या हातावर टकटक केली.

ताई, मला उत्तर आलं नाही. दोन पुस्तकांचा आधार मागत बसलो आणि माणूस हातचा गेला. तुझं खरं होतं. आता मी येऊन तरी काय उपयोग, तूच सांग.

लोभ मागायला तोंड नाही.
पंडित

२२ एप्रिल

चि. पंडितास ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांच्या हातात दिलं. तिकीट बघितलं, पत्ता वाचला आणि पत्र माझ्याकडे परत दिलं, तुमचं आहे म्हणून.

सोमवारी खरा दुरुस्तीवाला आला होता. बाबांनी त्याला टीव्हीला हात लावू दिला नाही. म्हणाले, आमचा नेहमीचा माणूस आहे, तो अर्धं काम करून गेलाय, त्याला येऊ द्या. टीव्हीची पाठ अजून तशीच उघडी आहे. त्या माणसाबद्दल रोज विचारतात. फार शांत होता म्हणतात, उत्तर येत नव्हतं तरी ऐकून घेत होता, उठून गेला नाही.

मुलाचं विचारणं मात्र त्या दिवसापासून थांबलंय. मी तुझं नाव घेऊन पाहिलं. म्हणाले, तो दुरुस्तीवाला कधी यायचा?

तेव्हा उपयोग काय, हे विचारू नकोस. मुलगा म्हणून यायला तुला उशीर झाला, त्याला माझा इलाज नाही. दुरुस्तीवाला म्हणून ये. तुझी खोली झाडून ठेवते, आणि टीव्हीचं काम सावकाश कर, लवकर संपवू नकोस.

येताना स्क्रू-ड्रायव्हर हातात दिसेल असा धर, म्हणजे बाबा स्वतः दार उघडतील.

वाट बघणारी,
तुझी ताई