कपातलं बाळ

बाबा, परवा तुमचा तो कबड्डीचा कप जवळून बघितला. मला वाटायचं हंड्याएवढा तरी असेल. कळशीएवढाच निघाला, फक्त तोंड रुंद. एका कानाला जोड दिलाय आणि कॉलेजचं नाव घासून घासून गेलंय. तुमचं कॉलेज म्हणते मी, पण तुम्ही तिथे शिपाई. जिमखान्याच्या चाव्या सांभाळायच्या, मॅचच्या आधी मैदानावर चुन्याच्या रेषा मारायच्या, पोरांना पाणी द्यायचं. तुम्ही सहावी शिकलेले, मी आठवी. आपल्या घरातलं कोणी कॉलेजात बसलं नाही, तरी तुम्ही मरेपर्यंत "आपण जिंकलो, आपण जिंकलो" करत राहिलात. आपण कोण, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता विचारतेय. दुपारची वेळ आहे, पोरगी झोपलीय, उठेपर्यंत लिहून होईल तेवढं लिहिते.

कंपाउंडच्या भिंतीवर बसून शिट्ट्या मारणारा एक जाडा पोरगा होता ना तेव्हा, तो आता सेठ झालाय. भांडुपला पाइपांचं गोडाऊन आहे. माझा नवरा त्यांचा टेम्पो चालवतो. कामाला ठेवताना लायसन पण बघितलं नाही, विचारलं काय तर "कपातल्या बाळाचा नवरा ना तू? ये उद्यापासून." त्यांचा मला फोन आला. "अगं, फायनलला पंचवीस वर्षं झाली! जिमखान्यात सगळे जमतोय. तुझी पोरगी किती महिन्यांची?" मी बोलले, सात. "झकास! तू तेव्हा सहाची होतीस. तिला कपात बसवू, तोच फोटो परत काढू. तुझ्या बाबांच्या फोटोला हार पण घालू." मी हो बोलले. नाही कशी बोलणार? नवरा समोर उभा राहून मान हलवत होता, हो बोल, हो बोल.

तो फोटो मला पाठ आहे. रविवारी तुम्ही मला जिमखान्यात न्यायचात, स्टुलावर उभी करायचात. कबड्डीची टीम, खांद्यावर कप, कपात मी, माझ्या कपाळावर गुलाल, आणि बाजूला तुम्ही सगळे दात दाखवून हसताय. सात वर्षांची असेन, मी विचारलं, बाबा, मी रडतेय का हो इथे? केवढे चिडलात तुम्ही. "रडत नाहीस. ओरडतेस. जिंकलो म्हणून ओरडतेस." घरी येईपर्यंत बोलला नाहीत माझ्याशी. मग मी पण शाळेत तेच सांगायला लागले. मी सहा महिन्यांची होते आणि जिंकलो म्हणून ओरडत होते. पोरी हसायच्या. मी भाव खायचे.

सेठचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आई पोरीला मोरीत अंघोळ घालत होती. मी तिला खुशीत सांगितलं. तिने पोरीला पुसलं, टॉवेलात गुंडाळलं, आणि मग माझे केस मागे करून कपाळावरची खूण दाबली. ती खूण मला वाटायची पाळणा लागल्याची. "फोटोत गुलाल नाय गो तो," बोलली. मग सगळं सांगितलं. ढोल लावून पोरं नाचत होती, कप एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर चाललेला, आणि मी जिमखान्याच्या पायरीवर पडले. आई बायकांमध्ये उभी होती. ती धावली, पण नाचणारी पोरं तिला वाटच देईनात. तिच्या आधी तुम्ही पोचलात. मला उचललंत, रुमालाने पुसलंत. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, चला चला, लाइट जातोय. आणि तुम्ही मला परत कपात ठेवलंत. रक्तावर गुलाल लावलात म्हणजे दिसायला नको. आई बोलली, "तुझ्या बापाशीक त्या टायमाक काय्येक दिसला नाय." पंचवीस वर्षं ती गप्प राहिली. अजून रोज तुमच्या फोटोशी बोलते, नळाला पाणी किती वेळ आलं तेसुद्धा सांगते. हे सोडून.

तेव्हापासून पोरगी हातातून जरा सरकली की मी तिला छातीशी ओढते. नवऱ्याला सांगितलं तर तो बोलला, "तेव्हा येडे होते ते, आता पन्नाशीला आलेत. दोन मिनिटांचं काम आहे. सेठला तोंड कसं दाखवू मी?" म्हणून गेलो. पोरीला ओढणीने अंगाशी बांधून नेलं. गेटवरच ढोलवाले दिसले. फक्त फोटो काढायचा होता तर ढोल कशाला?

बाबा, तुमची माणसं बघायला हवी होती तुम्ही. पोटं सुटलेली, टकलं पडलेली, आणि सगळ्यांच्या अंगात कॉलेजच्या नावाचा एकसारखा टी-शर्ट, पोटावर ताणून बसलेला. एकेकजण उठतो आणि ती शेवटची चढाई सांगतो. पहिला बोलला, "समोर चार गडी, दोन पॉइंट पाहिजेत, आणि आपला कॅप्टन चढाईला गेला!" दुसरा बोलला, "चार कुठले, पाच!" सेठ बोलले, "मी भिंतीवर होतो यार, मी मोजलेत, सहा!" तुम्ही मला सांगायचात तेव्हा तीन होते. पंचवीस वर्षांत तीन गडी वाढवले ह्यांनी, ते पण बसल्या जागी. ह्यातल्या निम्म्यांनी मैदानावर पाय ठेवला नव्हता. सेठ दोन जिने चढले की धापा टाकतात, आणि सांगतात, "आपण दम सोडला नाही!" डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. खरं पाणी. बायकोच्या बाळंतपणाला पण आलं नसेल.

मग तुमचं नाव काढलं. "आपला आठवा गडी!" टाळ्या. तुम्ही काविळीने पिवळे पडून तीन आठवडे पडून होतात, मी अकरा वर्षांची. तेव्हा आठव्या गड्याला बघायला एक जण आला नाही. तुम्ही दर संध्याकाळी दाराकडे बघायचात. "परीक्षा असतील पोरांच्या," बोलायचात. पोरांच्या कसल्या परीक्षा, केव्हाच पास होऊन नोकऱ्यांना लागली होती ती. शेवटी एक हार आला, त्याच्यावर कॉलेजच्या नावाची पट्टी. हार आणणाऱ्याला तुमचं नाव पण माहीत नव्हतं, चाळीत विचारत होता, कोण वारलंय इथे.

कप टेबलावर आणला. आत उशी घातली होती, पिवळी, झालरवाली. सेठ बोलले, "बघ, आम्ही काळजी घेतो! आण तिला." आणि हात पुढे केले. ढोल वाजायला लागला. पोरगी दचकली, मला घट्ट धरलं तिने. मी बोलले, नाही. ऐकू गेलं नाही कोणाला. मग मी ओरडून बोलले, "देणार नाय मी तिला!" ढोल थांबला. नवरा माझ्याकडे बघेना, जमिनीकडे बघत बसला. सेठ हसत बोलले, "अगं, तू पण बसली होतीस की." मी बोलले, "बसले नव्हते. पडले होते. पायरीवर. तुमच्या फोटोत जो गुलाल आहे ना, तो रक्तावर लावलाय."

काय बोलले असतील? एक जण बोलला, "छे छे, गुलालच होता तो." दुसरा बोलला, "तुला कसं आठवेल, तू सहा महिन्यांची होतीस!" आणि सगळे हसले. बाबा, हसले. एवढंच येतं त्यांना. स्वतःला सगळं आठवतं, सहा गडी आठवतात, आणि माझं डोकं फुटलेलं आठवत नाही. कॅप्टन तेवढा हसला नाही. तेव्हाच्या फोटोत कप त्याच्याच खांद्यावर आहे. तो उठला, गुडघ्यावर हात टेकत टेबलाशी आला, उशी काढली आणि तुमच्या फोटोपुढचा नारळ उचलून कपात ठेवला. "ह्याचा काढा फोटो," बोलला. माझ्याकडे बघितलं नाही. आणि तुम्हाला सांगते, त्या नारळाला खांद्यावर घेऊन पण ते तेवढेच नाचले. काही फरक पडला नाही त्यांना. आत पोर आहे की नारळ, त्यांना कप हवा होता.

घरी येताना रिक्षात नवरा एवढंच बोलला, "उद्या सेठ काय करतात बघू." सेठनी काढलं नाही अजून. पण काल टेम्पो दुसऱ्याला दिला आणि ह्याला गोडाऊनमध्ये पाइप मोजायला बसवलंय. मला वाईट वाटत नाही. मोजू दे. रात्री घरी येतो, पोरीला घेतो, माझ्याशी बोलत नाही. बोलेल.

आईला हे वाचून दाखवलं तर ती तुमच्या फोटोला सांगेल, म्हणून दाखवणार नाही. कपाटात कागदांच्या खाली ठेवीन. पण एक गोष्ट राहिली. सेठनी हात पुढे केले आणि सगळी माणसं माझ्या पोरीकडे बघायला लागली ना, अशी की जणू तीच जिंकून आलीय, तेव्हा मी ओढणीची गाठ सोडली होती. अर्धी सोडली होती. ती दचकली नसती तर मी दिली असती.