खुरांची चरबी

१ डिसेंबर

"हिला चरबी काढायला बसवा, आकड्यापाशी येऊ देऊ नका."

बावीस वर्षं झाली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासू, दोन्या मेलीदा (दोन्या म्हणजे बाईसाहेब), भरल्या स्वयंपाकघरात म्हणाली. त्या घरचा धंदा मिठाईचा: गाईचे पाय उकळून त्या रश्शात गूळ आटवायचा, मग तो चिकट गोळा लाकडी आकड्यावर ओढत राहायचा, पांढराशुभ्र होईपर्यंत. ओढणाऱ्या बायकांना मान. मी डाव घेऊन वरची चरबी काढणारी.

नवरा गेला तेव्हा तिने मला कडेवरच्या लेकीसकट, लेईदीसकट, बाहेर काढलं. हातात चरबीची बादली दिली — "हे तेवढं तुझं!"

त्या चरबीवरच जगले. साबण केले, सांधे चोळायचं तेल केलं. लेईदीला बजावलं, त्या घराची पायरी चढायची नाही.

३ डिसेंबर

फाबिओला नेहमीसारखी साबणासाठी चरबी घेऊन आली. ती सासूकडेच कामाला आहे. म्हणाली, "म्हातारीची बोटं वाकडी झालीत गं. दुपारपर्यंत उठत नाही. तुझं तेल हवंय तिला — तुझं नाव न घेता!"

नाही दिलं. शांत झोप लागली.

५ डिसेंबर

फाबिओला पुन्हा. "चरबी काढायला नवी पोर आहे. विचारतेय, रस्सा रात्रभर निववायलाच हवा का? सणाची घाई आहे."

हवाच. निवल्याशिवाय चरबी थिजून वर येत नाही. राहिली तर कितीही ओढा, पांढरं होत नाही.

मी म्हटलं, "छे! गरम असतानाच काढ म्हणावं. मी तसंच करायचे."

किती सहज बोलले! दिवसभर साबणाच्या वड्या सरळ कापल्या गेल्या.

७ डिसेंबर

मेणबत्त्यांचा सण. हमरस्त्यावर बसमागून बस. दोन्या मेलीदाच्या टपरीवर पिवळट, लुळा माल! एक ड्रायव्हर ओरडला, "दोन्या, हे खायचं की बुटांना लावायचं?" सगळी बस हसली. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मुद्दाम एक तुकडा विकत घेतला. टाळूला चरबी चिकटली. असं गोड काही मी आयुष्यात खाल्लं नव्हतं.

८ डिसेंबर

लेईदी दुपारी घरी आली, पिशवीसकट. मी समजत होते, पोर तुलुआ शहरात कापडाच्या दुकानात कामाला आहे, तिथेच राहते.

"दुकान नव्हतंच, आई. चार महिने आजीकडे होते. आधी चरबी काढायची, जानेवारीपासून आकडा, असं ठरलं होतं. काल सगळ्यांसमोर हाकललं. म्हणाली, आईच्याच वळणावर गेलीस."

मी सूप गरम करायला ठेवलं.

मग म्हणाली, "फाबिओलामावशीला मीच पाठवलं होतं तुझ्याकडे. तुझ्याइतकं कुणाला कळतं? मावशीनेच सांगताना घोळ घातला असणार."

तिला सूप वाढलं. तिने अर्धं टाकलं.

९ डिसेंबर

सांगितलं नाही.

१० डिसेंबर

आज लेईदीला घेऊन दोन्या मेलीदाच्या दारात जाणार. घोळ फाबिओलाचा नाही, खोटं मी बोलले, हे दोघींसमोर सांगणार. आणि मागणार — पोरीला आकड्यापाशी उभं करा, चरबी काढायला मी बसते.

म्हातारी नाही म्हणेल. लेईदीही नाहीच म्हणेल.